डबीवरचे आकडे आणि रक्तातले आकडे

सिंहगड रस्त्यावरच्या आमच्या सोसायटीत राहणारे एक सेवानिवृत्त काका मार्च महिन्यात दोन रक्ततपासणी अहवाल आणि एक प्लॅस्टिकची डबी घेऊन माझ्याकडे आले. मी अनेक वर्षे जीवरसायनशास्त्र शिकवले असल्यामुळे असे कागद माझ्याकडे येतच असतात. डिसेंबरच्या अहवालात त्यांचे एकूण कोलेस्टेरॉल २३८ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर होते, मार्चमध्ये ते २२१ झाले होते, आणि मधल्या तीन महिन्यांत त्यांनी अर्जुनसाल, लसूण, हळद व गुग्गुळ यांच्या अर्काची कॅप्सूल सकाळ-संध्याकाळ न चुकता घेतली होती. रक्तातील चरबी नियंत्रणात राहते आणि शरीराला भरपूर अँटिऑक्सिडंट मिळतात, असे दोन दावे डबीवर होते. ‘‘गुण आला म्हणायचा ना?’’ एवढेच त्यांना विचारायचे होते.

पुण्यात हा प्रश्न घरोघरी आहे. एका हाताला वैद्यांची आणि काष्ठौषधींच्या दुकानांची जुनी परंपरा, दुसऱ्या हाताला घरी येऊन रक्त नेणाऱ्या तपासणी केंद्रांची सोय, आणि दोहोंच्या मध्ये औषधाच्या दुकानात दर्शनी ठेवलेल्या अर्कांच्या डब्या, असे आपले आजचे चित्र आहे. वनस्पतीत औषधी गुण असतात याविषयी माझ्या मनात शंका नाही. तरीही एखाद्या विशिष्ट डबीतल्या विशिष्ट अर्काने एखाद्या माणसाच्या रक्तात काही घडवले की नाही हे ठरवणे फार वेगळे काम आहे, आणि ते काम दोन अहवाल शेजारी ठेवून होत नाही.

काकांच्या आकड्यांपासूनच सुरुवात करू. निरोगी माणसाने आहार, व्यायाम, औषध यांत काहीही बदल न करता काही आठवड्यांच्या अंतराने रक्त तपासले, तरी एकूण कोलेस्टेरॉलचा आकडा त्याच्या स्वतःच्या सरासरीभोवती सुमारे सहा टक्क्यांनी खालीवर होत राहतो. हा प्रयोगशाळेचा दोष नव्हे. शरीरच तसे चालते. २३८च्या सहा टक्के म्हणजे साधारण १४. हे हेलकावे पहिल्या मोजणीतही असतात आणि दुसऱ्या मोजणीतही असतात, त्यामुळे दोन मोजण्यांतला १७चा फरक केवळ या चढउतारातून सहज निघू शकतो. ट्रायग्लिसराइड या रक्तातल्या दुसऱ्या प्रकारच्या चरबीचे हेलकावे तर याहून कितीतरी मोठे, वीस टक्क्यांच्याही पुढे जाणारे असतात, आणि आदल्या रात्रीच्या जेवणाचा त्यांच्यावर थेट परिणाम होतो. कोलेस्टेरॉल हिवाळ्यात किंचित वाढलेले आणि उन्हाळ्याकडे किंचित उतरलेले आढळते, हेही अनेक देशांत दिसून आले आहे. काकांचा पहिला अहवाल डिसेंबरचा होता आणि त्याआधीच्या महिन्यात घरात दिवाळीचा फराळ होता, हे त्यांनीच मला सांगितले.

याला आणखी एक गोष्ट जोडून येते. माणूस औषध केव्हा सुरू करतो? आकडा वाईट येतो तेव्हा. जो आकडा योगायोगाने नेहमीपेक्षा वर गेलेला असतो तो पुढच्या मोजणीत आपल्या सरासरीकडे परतण्याचीच शक्यता अधिक असते, आणि तो परतताना आपण जे काही घेत असू त्याला श्रेय मिळते. शिवाय आकडा वाईट आला की माणूस फक्त कॅप्सूल घेऊन थांबत नाही. काकांनी त्याच आठवड्यापासून सकाळी पर्वती चढायला सुरुवात केली होती आणि संध्याकाळचा फरसाण बंद केला होता. मग उतरलेल्या १७ मिलिग्रॅमपैकी किती पर्वतीचे, किती फरसाणाचे, किती ऋतूचे आणि किती डबीतल्या चार अर्कांचे, याची वाटणी कोणालाही करता येणार नाही.

याच कारणासाठी औषधांच्या चाचण्यांत एका गटाला खरी गोळी आणि दुसऱ्या गटाला दिसायला हुबेहूब पण गुणहीन गोळी देतात, गटांची निवड सोडत काढल्याप्रमाणे करतात, आणि कोणाला काय मिळाले हे घेणाऱ्यालाही कळू देत नाहीत. ऋतू, दिवाळी, पर्वती आणि सरासरीकडे परतणे हे सारे मग दोन्ही गटांत सारखेच घडते, आणि दोन गटांत उरलेला फरक तेवढा गोळीचा धरता येतो. वनस्पतींवरील असंख्य छोट्या अभ्यासांत हा दुसरा गटच नसतो. पंधरा-वीस लोकांना तीन महिने अर्क देऊन ‘आधी’ आणि ‘नंतर’ची तुलना केलेली असते. आपल्या काकांनी स्वतःवर जे केले तेच तेथे वीस जणांवर केलेले असते, एवढाच फरक.

आता चरबीकडे वळू. कोलेस्टेरॉल शरीराला लागतेच. पेशींची आवरणे, पित्त, काही संप्रेरके आणि त्वचेत तयार होणारे ड जीवनसत्त्व यांच्यासाठी ते कच्चा माल आहे, आणि त्यातले बहुतांश आपले शरीर स्वतःच तयार करते. ते पाण्यात विरघळत नाही, म्हणून रक्तातून त्याला प्रथिनांच्या वेष्टनात बसवून न्यावे लागते. गुलटेकडीच्या मार्केट यार्डातून पेठापेठांत माल पोहोचवणारे टेम्पो डोळ्यांसमोर आणले तर हे चटकन समजते. यकृतातून निघालेला माल गावभर पोहोचवताना शेवटी ज्या गाड्या उरतात त्या एलडीएल, आणि उरलेला माल परत यकृताकडे आणण्यात ज्यांचा वाटा असतो त्या एचडीएल. एलडीएलच्या गाड्या रस्त्यांवर गरजेपेक्षा जास्त दिवस आणि जास्त संख्येने फिरत राहिल्या की त्यांतल्या काही धमनीच्या भिंतीत शिरतात आणि तेथे अडकतात. भिंतीत साचणाऱ्या थराची सुरुवात तेथून होते.

या गाड्या रस्त्यावरून उचलून घेण्यासाठी यकृताच्या पेशींवर खास ग्राहक-रेणू असतात. त्यांना आपण दारे म्हणू. ही दारे शोधून काढल्याबद्दल मायकेल ब्राऊन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांना १९८५मध्ये नोबेल पुरस्कार मिळाला. यकृतातली घरची निर्मिती अडवली, तर यकृत आपली गरज भागवण्यासाठी दारांची संख्या वाढवते आणि रक्तातल्या गाड्या आत ओढून घेते. परिणामी रक्तातील एलडीएल उतरते. स्टॅटिन गटाची औषधे असेच काम करतात.

आणि स्टॅटिन आले कोठून? टोकियोतल्या एका औषध कंपनीत काम करणारे अकिरा एंडो यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला हजारो बुरशींची तपासणी केली आणि पेनिसिलियम गटातल्या एका बुरशीत कोलेस्टेरॉलची निर्मिती रोखणारा पहिला पदार्थ त्यांना सापडला. पुढे दुसऱ्या एका बुरशीतून मिळालेल्या लोव्हास्टॅटिनला अमेरिकेत १९८७मध्ये मान्यता मिळाली. चीनमध्ये तांदळावर लाल बुरशी वाढवून एक पदार्थ शतकानुशतके वापरात आहे. त्या लाल तांदळातला मोनॅकोलिन-के हा घटक आणि लोव्हास्टॅटिन हे रासायनिकदृष्ट्या एकच आहेत. म्हणून ‘मला केमिकल नको, नैसर्गिक द्या’ असे म्हणून जो माणूस लाल तांदळाच्या अर्काची बाटली घेतो, तो नकळत स्टॅटिनच घेत असतो. फरक इतकाच की त्या बाटलीत किती मोनॅकोलिन आहे हे बाटलीगणिक बदलते, आणि बुरशीची वाढ नीट सांभाळली नसेल तर सिट्रिनिन हे मूत्रपिंडाला घातक असलेले विष त्यात उतरू शकते. युरोपीय संघाने २०२२मध्ये अशा पूरकांतील मोनॅकोलिनचे दैनंदिन प्रमाण तीन मिलिग्रॅमच्या खाली ठेवण्याचे बंधन घातले, कारण गोळीचे दुष्परिणाम बाटलीतही तसेच दिसत होते. नैसर्गिक आणि रासायनिक अशी जी भिंत आपण मनात बांधून ठेवतो, ती पेशीला दिसत नाही. पेशीला रेणू दिसतो आणि त्याची मात्रा दिसते.

मात्रेचाच मुद्दा पुढे नेतो, कारण ‘अर्क’ या शब्दात तो दडलेला आहे. पाने, साल किंवा डिंक पाण्यात, मद्यार्कात किंवा अन्य द्रावकात मुरवून, गाळून, आटवून जे उरते त्याला आपण अर्क, सत्त्व किंवा घन म्हणतो. एकाच सालीचा पाण्यातला काढा आणि मद्यार्कातला अर्क यांत निराळे घटक उतरतात. डबीवर ‘१०:१’ असे लिहिलेले असते त्याचा अर्थ दहा किलो कच्च्या मालातून एक किलो अर्क निघाला, एवढाच. त्यात कामाचा घटक किती आहे हे त्यावरून कळत नाही. ‘प्रमाणित अर्क’ म्हणवणाऱ्या डबीवर त्या घटकाचे नाव आणि टक्केवारी असायला हवी. काकांच्या डबीवर चार वनस्पतींची नावे आणि मिळून ५०० मिलिग्रॅम असा एकच आकडा होता. कोणती किती, हे कोठेच नव्हते.

त्या चारांपैकी गुग्गुळाची कथा सविस्तर सांगण्यासारखी आहे, कारण ती आपल्या देशाची आहे आणि त्यात अभिमान व सावधगिरी दोन्हींना जागा आहे. सुश्रुतसंहितेत मेदोरोगाच्या संदर्भात गुग्गुळाचे गुण वर्णिलेले आहेत. त्या वर्णनाचा धागा धरून बनारस हिंदू विद्यापीठात जी. व्ही. सत्यवती यांनी १९६०च्या दशकात सशांवर प्रयोग केले आणि गुग्गुळामुळे त्यांच्या रक्तातील चरबी उतरते असे दाखवले. १९६६चा तो प्रबंध म्हणजे जुन्या ग्रंथातल्या निरीक्षणाला आधुनिक प्रयोगाच्या कसोटीवर नेण्याचे फार चांगले उदाहरण आहे, आणि त्या कामाचे मोल पुढे जे घडले त्याने कमी होत नाही. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने त्यावरून शुद्ध केलेला अर्क तयार केला आणि १९८०च्या दशकात तो भारतात औषध म्हणून बाजारात आला. भारतातल्या त्या काळच्या अभ्यासांत कोलेस्टेरॉल उतरल्याचे निष्कर्ष होते. पुढे २००२मध्ये गुग्गुळातले गुग्गुलस्टेरॉन हे घटक यकृतातल्या पित्ताशी संबंधित एका ग्राहकावर काम करतात असेही दिसले, म्हणजे कार्यकारणाचा दुवाही हाती लागल्यासारखे वाटले.

नंतर २००३मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या संशोधकांनी १०३ लोकांवर आठ आठवड्यांची नियंत्रित चाचणी केली. काहींना नेहमीची मात्रा, काहींना दुप्पट मात्रा आणि काहींना गुणहीन गोळी दिली. गुणहीन गोळी घेणाऱ्यांचे एलडीएल पाच टक्क्यांनी उतरले आणि गुग्गुळाचा अर्क घेणाऱ्यांचे चार ते पाच टक्क्यांनी वाढले. काही जणांच्या अंगावर पुरळ आले. गुणहीन गोळीच्या गटातली पाच टक्क्यांची घसरण नीट लक्षात घ्यावी. तो गट नसता तर असा आकडा सहज औषधाच्या खात्यावर जमा झाला असता.

या चाचणीने आयुर्वेदावर निकाल दिला असे मी म्हणणार नाही. वैद्य गुग्गुळ शोधन करून, अनुपानासह, रुग्णाची प्रकृती पाहून आणि पथ्याच्या जोडीने देतात. योगराज किंवा त्रिफळा गुग्गुळ यांचा वापर निराळ्या लक्षणांसाठी होतो, आणि अमेरिकेतल्या लोकांचा आहारही निराळा होता. पण कोलेस्टेरॉल उतरवण्यासाठी म्हणून बाटलीत भरून, वैद्याविना, सर्वांना सरसकट विकला जाणारा जो अर्क आहे, नेमकी त्याचीच ती परीक्षा होती, आणि त्या परीक्षेत तो उत्तीर्ण झाला नाही. जाता जाता सांगायला हवे की राजस्थान आणि गुजरातच्या कोरड्या भागात वाढणारे हे झुडूप डिंकासाठी बेसुमार चिरे पाडल्यामुळे आज अतिसंकटग्रस्त यादीत जाऊन बसले आहे. निर्णय न झालेल्या फायद्यासाठी आपण एक वनस्पती संपवत आहोत, याची मला मनापासून खंत वाटते.

लसणाबद्दल थोडक्यात सांगता येईल. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या २००७ सालच्या चाचणीत १९२ लोकांना सहा महिने, आठवड्यातून सहा दिवस, रोज एका पाकळीइतका कच्चा लसूण, लसणाची पूड, मुरवलेल्या लसणाचा अर्क किंवा गुणहीन गोळी दिली होती. चारही गटांच्या एलडीएलमध्ये दखल घेण्याजोगा फरक पडला नाही. भाजीत, चटणीत लसूण आवडीने खावा. कोलेस्टेरॉलवरचे औषध म्हणून त्याकडून अपेक्षा ठेवू नये.

दारुहळदीतल्या बर्बेरिनची बाजू याहून भक्कम आहे. चीनमध्ये २००४मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बर्बेरिन तीन महिने घेणाऱ्या ३२ रुग्णांचे एलडीएल सुमारे २५ टक्क्यांनी उतरले आणि ते यकृतावरच्या दारांची संख्या स्टॅटिनपेक्षा वेगळ्या मार्गाने वाढवते असे आढळले. मला हा रेणू खरोखर आशादायक वाटतो. तरीही हृदयविकाराचे झटके त्याने टळतात का, हे दाखवणारा दीर्घकाळाचा मोठा अभ्यास हाती नाही, आणि यकृतातल्या औषधे पचवणाऱ्या विकरांना (एन्झाइमना) तो अडवतो, त्यामुळे मूत्रपिंड-प्रत्यारोपणानंतर सायक्लोस्पोरिन घेणाऱ्या माणसाच्या रक्तात त्या औषधाची पातळी धोकादायक रीतीने वाढू शकते. दारुहळद आणि आपली स्वयंपाकातली हळद या दोन पूर्णपणे भिन्न वनस्पती आहेत, हेही येथे सांगून ठेवतो, कारण नावावरून घोटाळा होतो.

अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकने २०२२मध्ये जाहीर केलेल्या एका चाचणीत या सगळ्यांना एका रांगेत उभे केले होते. सुमारे १९० लोकांना २८ दिवस रोसुव्हास्टॅटिनची पाच मिलिग्रॅमची छोटी मात्रा, गुणहीन गोळी, किंवा माशाचे तेल, दालचिनी, लसूण, हळद, वनस्पती-स्टेरॉल आणि लाल तांदूळ यांपैकी एक पूरक दिले. स्टॅटिनने एलडीएल जवळजवळ ३८ टक्क्यांनी उतरले. सहापैकी एकाही पूरकाने गुणहीन गोळीपेक्षा ठळक फरक केला नाही आणि लसणाच्या गटात तर ते थोडे वाढले. या चाचणीला त्याच स्टॅटिनच्या उत्पादक कंपनीचा पैसा होता, ती केवळ चार आठवड्यांची होती आणि प्रत्येक पूरकाचा एकेकच ब्रँड तपासला होता, या मर्यादा वाचकाने जरूर ध्यानात घ्याव्यात. मात्र ३८ आणि शून्याच्या आसपास यांतली दरी इतकी मोठी आहे की या मर्यादांनी ती भरून निघत नाही.

आता डबीवरचा दुसरा दावा, अँटिऑक्सिडंटचा. उघडे राहिलेले शेंगदाणा तेल खवट होते ते हवेतल्या प्राणवायूमुळे. शरीरातही ऊर्जा तयार होताना काही अतिचपळ रेणू निर्माण होतात आणि ते चरबी, प्रथिने, पेशीतला जनुकीय मजकूर यांना इजा करू शकतात. धमनीच्या भिंतीत अडकलेल्या एलडीएलचे असे ‘खवट होणे’ घडले की पांढऱ्या पेशी ते गिळतात, फुगतात, आणि त्यांचा पिवळसर थर साचतो. त्यामुळे असा विचार पुढे आला की खवटपणा रोखणारे पदार्थ पोटात घातले तर धमन्या वाचतील. विचार सुंदर होता, आणि म्हणूनच त्याची मोठ्या प्रमाणावर परीक्षा झाली.

फिनलंडमध्ये २९ हजारांहून अधिक धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना बीटा-कॅरोटीन आणि ई जीवनसत्त्व देऊन पाहिले गेले. १९९४मध्ये निष्कर्ष आला तेव्हा बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी १८ टक्क्यांनी अधिक आढळला. २०००मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका मोठ्या चाचणीत हृदयविकाराचा धोका असलेल्या नऊ हजारांहून अधिक लोकांना सुमारे साडेचार वर्षे ई जीवनसत्त्व दिले, पण झटके कमी झाले नाहीत. जे चपळ रेणू आपण सरसकट शत्रू मानतो, त्यांचाच वापर करून आपल्या पांढऱ्या पेशी जंतू मारतात, आणि व्यायामानंतर स्नायू सुधारतात त्यातही त्या रेणूंचा संदेशवाहक म्हणून वाटा असतो. त्यांना पूर्ण गप्प करणे शरीराला मानवत नाही.

वनस्पतींच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. परीक्षानळीत अर्क आणि चपळ रेणू एकत्र करून अर्काने किती रेणू निकामी केले याचा आकडा काढता येतो, आणि आवळा, डाळिंब, हळद, हिरवा चहा हे सगळेच त्यात उत्तम गुण मिळवतात. पण पोटात गेलेल्या या घटकांपैकी थोडेच रक्तात शोषले जातात, जे जातात त्यांचे रूप यकृत लगेच बदलते, आणि त्यांची रक्तातली पातळी आपल्या नेहमीच्या युरिक आम्लाच्या तुलनेत अगदी नगण्य राहते. युरिक आम्लाचे नाव आपण फक्त सांधेदुखीच्या संदर्भात ऐकतो, पण ते रक्तद्रवातले एक प्रमुख अँटिऑक्सिडंट आहे. सफरचंद खाल्ल्यावर रक्ताची एकूण अँटिऑक्सिडंट क्षमता वाढते ती मुख्यतः त्यातल्या फळसाखरेने युरिक आम्ल वाढवल्यामुळे, असे २००४च्या एका अभ्यासाने दाखवले होते. म्हणजे ‘क्षमता वाढली’ हा निष्कर्ष खरा असूनही त्याचे श्रेय भलत्यालाच जाऊ शकते. खाद्यपदार्थांच्या परीक्षानळीतल्या अँटिऑक्सिडंट गुणांचा जो तक्ता अमेरिकेच्या कृषी खात्याने प्रसिद्ध केला होता, तो २०१२मध्ये त्याच खात्याने मागे घेतला, कारण त्या गुणांचा आरोग्याशी संबंध सिद्ध होत नव्हता आणि जाहिरातींत त्यांचा गैरवापर होत होता.

हळदीतले कुर्क्युमिन शोषले जात नाही म्हणून त्यात मिऱ्यातले पिपेरिन घालण्याची युक्ती १९९८मध्ये बंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयाने दाखवली. दोन ग्रॅम कुर्क्युमिनसोबत २० मिलिग्रॅम पिपेरिन दिल्यावर शोषण २० पटींनी वाढले. आज हळदीच्या अनेक कॅप्सूलमध्ये ते असते. परंतु जी युक्ती कुर्क्युमिनला यकृताच्या पहाऱ्यातून निसटू देते, तीच युक्ती इतर औषधांनाही निसटू देते, आणि अशा जोड-कॅप्सूल घेणाऱ्यांत यकृताला इजा झाल्याच्या नोंदी गेल्या काही वर्षांत जमू लागल्या आहेत. आमटीतल्या चिमूटभर हळदीचा अनुभव या कॅप्सूलला लागू करता येत नाही. हिरव्या चहाचेही तसेच आहे. पेलाभर चहा निरुपद्रवी असतो, पण अर्कातून त्यातल्या मुख्य घटकाची रोजची मात्रा ८०० मिलिग्रॅमच्या पुढे गेली की यकृताची विकरे वाढलेली दिसतात, असे युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८मध्ये नमूद केले. करोनाच्या काळात घराघरांत गुळवेलीचा काढा होता. २०२१मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली, तेव्हा आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेताना घेतलेली वेल खरी गुळवेल होती की तिच्यासारखी दिसणारी दुसरी, हा मुद्दा मांडला. वाद कोणत्याही बाजूने सुटो. वेलीची ओळख नीट न पटवता ती पोटात जाऊ शकते, हे तर दोन्ही बाजूंना मान्य होते.

आपल्याकडे या डब्या दोन वेगवेगळ्या कायद्यांखाली येतात, हे अनेकांना ठाऊक नसते. आयुर्वेदिक औषध म्हणून परवाना घेतलेली बाटली १९४०च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली येते, तर आरोग्यपूरक म्हणून विकली जाणारी डबी अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या नियमांखाली येते आणि तिच्यावर ‘नॉट फॉर मेडिसिनल युज’, म्हणजे औषधी वापरासाठी नाही, असे छापणे बंधनकारक आहे. काकांच्या डबीवरही ते छापलेले होते, बारीक अक्षरांत, मागच्या बाजूला. पुढच्या बाजूला हृदयाचे चित्र होते.

मग काहीच उपयोगाचे नाही का? तसे मुळीच नाही. वनस्पतींच्या यादीत ज्याचा पुरावा सर्वांत स्वच्छ आहे त्याचे नाव ऐकून काकांची थोडी निराशा झाली, कारण ते होते इसबगोल. त्याचा विद्राव्य चोथा आतड्यात पित्ताम्लांना धरून ठेवतो आणि शौचावाटे बाहेर नेतो. नवे पित्त करण्यासाठी यकृताला रक्तातले कोलेस्टेरॉल वापरावे लागते आणि एलडीएल पाच ते दहा टक्क्यांच्या आसपास उतरते. रोज सात ग्रॅम विद्राव्य चोथा इसबगोलातून मिळाल्यास हृदयविकाराचा धोका कमी होऊ शकतो, असा मजकूर वेष्टनावर छापण्यास अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९८मध्ये परवानगी दिली, आणि ओटला ती आदल्याच वर्षी मिळाली होती. इसबगोल भरपूर पाण्यासोबत घ्यावे आणि इतर औषधांपासून दोन तासांचे अंतर ठेवावे, कारण ते औषधेही धरून ठेवते.

पुणेकरांनी स्वतःच्या आकड्यांकडे पाहताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी, आणि ती याच शहरात उजेडात आली आहे. रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४मध्ये आपल्या दोघांचेच छायाचित्र एका वैद्यकीय नियतकालिकात छापले होते. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, अगदी सारखा, २२.३, पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के. सडपातळ दिसणाऱ्या भारतीय देहात दडलेल्या या चरबीसोबत ट्रायग्लिसराइड जास्त आणि एचडीएल कमी असा नमुना वारंवार दिसतो, आणि त्यात एकूण कोलेस्टेरॉल फारसे वाईट न दिसताही धोका असू शकतो. म्हणून अहवालातल्या एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करून येणारा आकडा पाहावा. सर्वसाधारण माणसात तो १३०च्या आत आणि एलडीएल १००च्या आत असावे, तर जास्त धोका असलेल्यांत दोन्ही याहून बरेच खाली असावेत, असे कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले आहे. एलडीएलचा आकडा अनेक ठिकाणी प्रत्यक्ष मोजलेला नसतो. एकूणमधून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा वजा करून तो काढलेला असतो, त्यामुळे ट्रायग्लिसराइड ४००च्या पुढे असेल तर त्यावर विसंबता येत नाही.

काकांना मी चार गोष्टी सुचवल्या. थायरॉइडची तपासणी करावी, कारण ते मंदावले असेल तर कोलेस्टेरॉल त्यामुळेच वाढते आणि तेव्हा इलाज थायरॉइडचाच असतो. कॅप्सूल थांबवून, पर्वती आणि पथ्य चालू ठेवून, त्याच प्रयोगशाळेत काही आठवड्यांच्या अंतराने दोनदा रक्त तपासावे आणि दोन्हींची सरासरी काढावी. नंतर काही नवे सुरू करायचे असेल तर एका वेळी एकच सुरू करावे. आणि डॉक्टरांकडे जाताना डबी सोबत न्यावी, तिचे नाव सांगून भागत नाही. काका रक्त पातळ ठेवणारी गोळी घेतात हे मला त्यांनी अगदी निघताना, दारात चपला घालताना सांगितले. लसणाचा अर्क अशा गोळीचा परिणाम वाढवू शकतो. तीन महिने त्यांनी दोन्ही एकत्र घेतले होते आणि दाढी करताना झालेली जखम हल्ली लवकर सुकत नाही, हेही त्यांना तेव्हाच आठवले. डॉक्टरांकडे जाण्यासाठी त्यांनी दुसऱ्याच दिवशीची वेळ घेतली.